जन्मावरून ठरलेले नाव : ‘मंगोल’ ते डाऊन सिंड्रोम

मार्च महिना उजाडला की आपल्या घरांत २० तारखेची आठवण निघते. १९२७ साली याच दिवशी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी आपले माणूसपण जगासमोर मांडले. तो लढा केवळ पाण्याचा नव्हता, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, आणखी एक दिन येतो. त्याची नोंद मात्र आपल्या विहारांत आणि मंडळांत क्वचितच घेतली जाते. तो जागतिक डाऊन सिंड्रोम दिन होय. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याचा २१ वा दिवस निवडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०११ मध्ये या दिनास मान्यता दिली आणि २०१२ पासून तो अधिकृतपणे पाळला जाऊ लागला.

या दोन तारखा शेजारी शेजारी आल्या हा योगायोग आहे. परंतु डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांकडे समाजाने कसे पाहिले, याचा इतिहास आपण वाचू लागलो की त्यात ओळखीच्या अनेक गोष्टी भेटतात. जन्मावरून ठरवलेली पायरी, वरच्यांनी खालच्यांना दिलेले नाव, शिक्षणाची बंदी आणि या सर्वांना मिळालेला शास्त्राचा आधार. आपल्याकडे ते धर्मशास्त्र होते, युरोपात ते वैद्यकशास्त्र होते. या इतिहासाचा मोठा भाग आपण आज ज्या ब्रिटनमध्ये राहतो, तेथेच घडला. म्हणून तो आपण जाणून घ्यावा, आणि त्याच्या प्रकाशात आपली स्वतःची घरेही तपासावीत, असे आम्हांस वाटते.

अर्ल्सवुडचे वर्गीकरण

लंडनच्या दक्षिणेस, सरे परगण्यातील रेडहिल येथे अर्ल्सवुड नावाचे एक मोठे आश्रयगृह होते. ज्यांना त्या काळच्या वैद्यकीय आणि कायद्याच्या भाषेत ‘इडियट’ म्हटले जाई, अशा माणसांना तेथे ठेवीत. १८५८ मध्ये जॉन लँग्डन डाऊन हे तरुण डॉक्टर या संस्थेचे वैद्यकीय अधीक्षक झाले. माणूस म्हणून ते निर्दय नव्हते. अर्ल्सवुडमधील मारहाणीची शिक्षा त्यांनी बंद केली. पुढे १८६८ मध्ये टेडिंग्टन येथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची संस्था उभारली. तेथे राहणाऱ्यांसाठी हस्तकला, संगीत आणि नाटक यांची सोय होती. तेथील सुंदर नाट्यगृह आजही पाहावयास मिळते.

याच डॉक्टरांनी १८६६ मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता ‘इडियट’ व्यक्तींचे वांशिक वर्गीकरण. ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मानवजातीचे कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलाय असे पाच गट पाडले होते. डाऊन यांनी तीच चौकट आपल्या आश्रयगृहावर बसवली. गोऱ्या इंग्रज आईबापांच्या पोटी आलेल्या काही मुलांचे चेहरे त्यांना ‘इथिओपियन’ भासले, काहींचे ‘मलाय’, तर एका मोठ्या गटाचे ‘मंगोलियन’. डोळ्यांची ठेवण, सपाट चेहरा, लहान नाक ही लक्षणे त्यांनी अचूक टिपली होती. या अवस्थेचे पहिले काळजीपूर्वक वर्णन म्हणून त्या लेखाचे महत्त्व आजही मानले जाते. परंतु निरीक्षण अचूक असले तरी त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता. श्रेष्ठ वंशातील मूल आजारामुळे कनिष्ठ वंशाच्या पायरीवर घसरते, असा तो अर्थ होता.

यात एक विसंगतीही आहे. निरनिराळे मानववंश म्हणजे मुळातच निरनिराळ्या जाती-प्रजाती होत, असे त्या काळी अनेक विद्वान सांगत, आणि गुलामगिरीचे समर्थक त्याचा उपयोग करीत. डाऊन यांचे म्हणणे याच्या उलट होते. एका वंशाच्या पोटी दुसऱ्या वंशासारखे मूल येते, त्याअर्थी सर्व मानव एकच आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेतू ऐक्याचा होता. पण वापरलेली शिडी तीच राहिली, आणि लोकांनी त्यांच्या निष्कर्षाऐवजी ती शिडीच उचलली. ‘मंगोल’ हे नाव पुढे शंभर वर्षे इंग्रजी बोलणाऱ्या जगात रूढ राहिले. एका संपूर्ण देशाच्या जनतेचे नाव हे बुद्धिहीनतेचे नाव झाले. त्यात दोघांचाही अपमान होता, आणि दोघांपैकी कोणालाही विचारलेले नव्हते.

शिडीचे शास्त्र

एकदा पायरी ठरली की खालच्या पायरीवरील माणसाचे काय करायचे, हा प्रश्न वरचे लोक विचारू लागतात. लंडनमध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी सुप्रजाजननशास्त्राचा, म्हणजे युजेनिक्सचा, पुरस्कार केला. ‘चांगल्या’ रक्ताची वाढ व्हावी, ‘हलक्या’ रक्ताला आळा बसावा, हे त्याचे सार होते. १९१३ मध्ये ब्रिटिश संसदेने मेंटल डेफिशिअन्सी ॲक्ट संमत केला. त्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचे दर्जे ठरवले आणि त्यांना संस्थांत बंद ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. १९२४ मध्ये क्रुकशँक या लंडनच्या डॉक्टराने ‘द मंगोल इन अवर मिड्स्ट’ हे पुस्तक लिहून या मुलांचा संबंध थेट मंगोल वंशाशी आणि त्यापलीकडे ओरांगउटान वानराशी जोडला. ज्या वर्षी महाडचा सत्याग्रह झाला त्याच १९२७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तीची सक्तीने नसबंदी करणे घटनात्मक ठरवले.

जर्मनीत ही विचारसरणी तिच्या शेवटच्या टोकाला गेली. १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉक्टरांना आणि सुइणींना आदेश निघाला, की ठरावीक व्यंगे असलेल्या तीन वर्षांखालील बालकांची नोंद सरकारकडे करावी. त्या यादीत ‘मंगोलिझम’ हा शब्द स्पष्टपणे होता. नोंद झालेल्या मुलांपैकी हजारोंना रुग्णालयांतच औषधे देऊन वा उपाशी ठेवून मारण्यात आले. मोठ्या माणसांसाठी वायूच्या कोठड्या आल्या. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्यांत सुमारे ७०,००० अपंग आणि मनोरुग्ण मारले गेले. हे करणारे गुंड नव्हते, पदवीधर डॉक्टर होते.

याच काळात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून न्यूयॉर्कला आणि नंतर लंडनला होते. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी जातीचा उगम वंशभेदात आहे हे मत नाकारले. १९३६ च्या ‘जातीचे निर्मूलन’ या भाषणात त्यांनी जातिव्यवस्थेच्या सुप्रजाजननवादी समर्थनाला थेट उत्तर दिले. जात रक्ताची शुद्धता राखते, हा दावा त्यांनी वस्तुस्थिती आणि तर्क यांच्या कसोटीवर खोटा ठरवला. त्या लेखनाचा विषय डाऊन सिंड्रोम हा नव्हता, आणि तसा दावा करणे योग्यही होणार नाही. परंतु रक्तावरून माणसाची प्रत ठरवणारी जी विद्या या मुलांना कनिष्ठ म्हणत होती, तीच आपल्यालाही कनिष्ठ म्हणत होती, एवढे त्यातून स्पष्ट होते.

नाव पुसले गेले ते कसे

ही शिडी मोडण्याचे काम गॅल्टन यांच्याच वारशात बसलेल्या एका माणसाने केले. लायोनेल पेनरोझ हे क्वेकर घराण्यातील डॉक्टर होते. १९३२ मध्ये त्यांनी ‘मंगोल’ म्हटल्या जाणाऱ्या व्यक्तींचे रक्तगट तपासले आणि ते इतर इंग्रज लोकांसारखेच आहेत, आशियाई वंशाशी त्यांचा काही संबंध नाही, हे दाखवून दिले. आईच्या वयाबरोबर या अवस्थेची शक्यता वाढते, हेही त्यांनी आकडेवारीने सिद्ध केले. १९४५ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॅल्टन यांच्या नावाच्या अध्यासनावर आले. पुढे त्या विभागाच्या नियतकालिकाच्या नावातून ‘युजेनिक्स’ हा शब्द त्यांनी काढला, आणि नंतर अध्यासनाच्या नावातूनही तो गेला.

१९५९ मध्ये पॅरिसहून निर्णायक बातमी आली. जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, असे प्रसिद्ध केले. पेशींचे संवर्धन करून ते गुणसूत्र दृष्टीस आणण्याचे प्रयोगशाळेतील कष्ट गोतिए यांचे होते. श्रेय मात्र दीर्घकाळ लेज्यून यांच्याकडेच राहिले. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभवही आपल्या लोकांना नवा नाही.

आता ‘मंगोल’ या नावाला कसलाच आधार उरला नव्हता. १९६१ मध्ये १९ शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून ते नाव सोडून द्यावे, अशी मागणी केली आणि काही पर्याय सुचवले. संपादकांनी त्यांतून डाऊन सिंड्रोम हे नाव निवडले. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे आपल्या राष्ट्राच्या नावाचा असा वापर थांबवण्याची विनंती केली आणि संघटनेने तो शब्द आपल्या व्यवहारातून काढला. ज्यांचे नाव वापरले जात होते त्यांनी स्वतः उठून ‘हे चालणार नाही’ म्हणावे लागले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ‘कचरू’, ‘धोंडू’, ‘दगडू’ अशा नावांनी आयुष्य काढावे लागले, त्यांना या मागणीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘यांना शिकवता येत नाही’

नाव बदलले तरी दार उघडले नव्हते. ब्रिटनमध्ये या मुलांवर ‘शिक्षणास अपात्र’ असा अधिकृत शिक्का बसत असे. शिक्का बसला की शिक्षण खात्याची जबाबदारी संपे आणि मूल आरोग्य खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात किंवा कायमचे रुग्णालयात जाई. १९७० च्या कायद्याने हा शिक्का रद्द केला आणि एप्रिल १९७१ पासून इंग्लंडमधील प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. म्हणजे अवघ्या अर्धशतकापूर्वीपर्यंत या प्रगत देशातही जन्मावरून शाळेचे दार बंद होत होते.

हा बदल आपोआप झाला नाही. नायजेल हंट या मुलाला शिकवता येणार नाही, असे त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आले होते. आईने त्याला घरी अक्षरे शिकवली. तो वाचू लागला, टंकलेखन शिकला आणि त्याने स्वतःच्या हाताने आपले अनुभव लिहून काढले. १९६७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली पेनरोझ यांनी. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीने लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. त्याच्या उपशीर्षकात जुना अपमानकारक शब्द तसाच होता. ज्यांच्याबद्दल इतरांनीच शंभर वर्षे लिहिले, त्यांच्यातील एक जण प्रथमच ‘मी’ म्हणून बोलला. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा मराठी साहित्यात जे घडले, त्याच्याशी या घटनेचे नाते आपल्या वाचकांना सहज जाणवेल. १९७० मध्ये रेक्स ब्रिंकवर्थ या शिक्षकाने, ज्यांच्या स्वतःच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता, पालकांची संघटना स्थापन केली. आधी शिकणे, मग संघटित होणे, मग हक्क मागणे, हा क्रम येथेही तोच दिसतो.

तरीही जनमत किती मागे होते, याची साक्ष १९८१ हे वर्ष देते. त्या वर्षी डर्बीच्या एका बालरोगतज्ज्ञावर खटला चालला. आईवडिलांनी नाकारलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या नवजात बालकाला केवळ शुश्रूषा आणि गुंगीचे औषध देण्याचा आदेश त्यांनी लिहिला होता. ते बालक तीन दिवसांत मरण पावले. ज्यूरीने डॉक्टरांना निर्दोष ठरवले आणि जनतेतील मोठ्या वर्गाला त्याचा आनंद झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका बालिकेच्या आतड्याची शस्त्रक्रिया आईवडिलांनी नाकारली असता, अपील न्यायालयाने ती करण्याचा आदेश दिला. या मुलीचे जीवन जगण्यायोग्य नाही असे गृहीत धरता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. एका वर्षात, एका देशात, एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होती.

‘ही मुले फार जगत नाहीत’ हा समजही असाच तपासून पाहावा लागतो. यांतील सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो. तो शस्त्रक्रियेने बहुधा दुरुस्त होऊ शकतो, पण पूर्वी ती शस्त्रक्रिया अनेकदा केलीच जात नसे. अमेरिकेत १९८३ मध्ये त्यांचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, आज ते ६० च्या आसपास आहे. एवढ्या काळात गुणसूत्र बदललेले नाही. बदलला तो समाजाचा निर्णय, की यांच्यावर उपचार करायचे.

आपल्या घरांत

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ‘मंगोल बेबी’ हा शब्द कितीतरी वर्षे सर्रास वापरला गेला, आणि आजही जुन्या पिढीच्या तोंडी तो ऐकू येतो. मुंबईत एका पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये घरातच वर्ग सुरू केला आणि त्यातून जय वकील शाळा उभी राहिली. पण गावोगावच्या मुलांच्या वाट्याला ‘येडं’, ‘मंद’, ‘खुळं’ हीच नावे आली. दोष मात्र आईच्या माथी. ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणाची नजर लागली असेल. विज्ञान सांगते की गुणसूत्रांचे विभाजन होताना झालेली ही घटना बहुतेक वेळा कुणाच्याही वागण्याचा परिणाम नसते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, हे खरे आहे. पण तरुण मातांची बाळंतपणेच अधिक असल्याने अशी बहुसंख्य मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात.

याहून खोल रुजलेले स्पष्टीकरण म्हणजे पूर्वजन्मीचे पाप. हिंदू धर्म सोडला तरी हा शब्द काही घरांतून गेलेला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा हा सिद्धान्त बुद्धाचा नाही असे सांगितले. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जो सिद्धान्त आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला, तो आपल्याच घरातील बाळाच्या पाळण्यावर आपण टांगणार काय?

दुसऱ्या बाजूला गोड शब्दांचा साचा आहे. ‘ही मुले सदा आनंदी असतात’, ‘देवाचं लेकरू आहे’. १८६६ च्या त्या लेखातही या मुलांचा विनोदी स्वभाव आणि नकला करण्याची आवड यांचे कौतुक होते. म्हणजे हा साचाही तितकाच जुना आहे. ज्या माणसाला चिडण्याचा, कंटाळण्याचा, प्रेमात पडण्याचा, नकार देण्याचा अधिकार नाही, त्याला आपण पूर्ण माणूस मानलेले नसते. आपल्याला कोणी ‘हरिजन’ म्हटले तेव्हा त्या शब्दातली दया आपण ओळखली. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी त्या नावाला विरोध करून आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला होता. ‘दिव्यांग’ या शब्दावर अपंगांच्या अनेक संघटनांनी घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. देवत्व नको, हक्क द्या, असे ते म्हणतात.

पण आम्हांस सर्वांत कठीण वाटतो तो प्रश्न गुणवत्तेचा आहे. आपल्या पहिल्या पिढीने गाव सोडले, दुसरीने पदवी मिळवली, तिसरीने समुद्र ओलांडला. आम्ही संगणकावर काम करणारी, रुग्णालयांत काम करणारी, विद्यापीठांत शिकवणारी माणसे परीक्षा देत देत येथवर आलो. ‘यांच्यात गुणवत्ता नाही’ या टोमण्याला उत्तर म्हणून आपण गुणपत्रिका पुढे केल्या, आणि ते योग्यच होते. मात्र हळूहळू गुणपत्रिका हाच माणूसपणाचा दाखला होऊन बसला. मग ज्या घरात असे मूल जन्मते, जे कधी ती परीक्षा देणार नाही, त्या घरात शांतता पसरते. जयंतीला मोठी बहीण भाषण करते, धाकटा भाऊ आजीबरोबर घरी थांबतो. भारतातील नातेवाइकांना पाठवायच्या फोटोत तो कडेला असतो. देश बदलतानाही तोच अडथळा मानला जातो, आणि ही भीती निराधार नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने एका जर्मन डॉक्टराच्या कुटुंबाला, मुलाला डाऊन सिंड्रोम असल्याने त्याचा खर्च राज्यावर पडेल या कारणास्तव, प्रथम कायम वास्तव्य नाकारले होते. पुढे मंत्र्यांच्या हस्तक्षेपाने ते मिळाले. राज्ये माणसाची किंमत खर्चाच्या हिशेबात मांडतात. आपणही घरात तोच हिशेब मांडू लागलो, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात आपण प्रत्येक मताचे मूल्य समान मानू, पण सामाजिक जीवनात प्रत्येक माणसाचे समान मूल्य नाकारत राहू. त्या समान मूल्याला त्यांनी बुद्धीची वा पदवीची अट घातलेली नाही. ब्रिटनमध्ये केवळ बौद्धिक अक्षमता आहे म्हणून कुणाचा मताधिकार जात नाही. डाऊन सिंड्रोम असलेला अठरा वर्षांचा तरुण मतदान केंद्रात जातो, तेव्हा त्याचे मत आणि एखाद्या प्राध्यापकाचे मत सारखेच मोजले जाते. विहारात त्याचे स्थान याहून खाली असू नये.

म्हणून येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची आखणी करताना एवढे ठरवू या. त्रिसरण-पंचशील म्हणताना ही मुले इतरांच्या रांगेत उभी असतील, उच्चार कसाही झाला तरी. त्यांच्याविषयी काही विचारायचे असेल तर आधी त्यांना विचारू, मग आईवडिलांना. ‘बिचारा’ हा शब्द बाजूला ठेवू. आणि आपल्यापश्चात या मुलाचे कोण पाहील, या चिंतेने ज्या आईबापांची झोप उडाली आहे, त्यांच्या बरोबर बसून मंडळ म्हणून काय करता येईल याची पहिली बैठक घेऊ. महाडचे तळे सर्वांसाठी खुले झाले पाहिजे, असे आपण म्हणत आलो. त्या ‘सर्वां’मध्ये आपल्या घरात कडेला उभे असलेले मूलही येते.

जय भीम.